सिंहगडावरची काजळी

डिसेंबरातल्या सकाळी सिंहगडावर पोचलं की नजर आपसूक पुण्याकडे वळते. गडाची उंची समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर, म्हणजे शहर पायाशी पसरलेलं दिसायला हवं. दिसत नाही. खडकवासल्याचं पाणी दिसतं, पुढे थोड्या इमारती, आणि मग एक मळकट तपकिरी पट्टा. त्याच्या वर आकाश निळंशार. पट्ट्याची वरची कड इतकी सरळ की कुणी आखून दिल्यासारखी. लोक त्याला धुकं म्हणतात आणि त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. पण धुकं ऊन चढलं की विरतं. हा पट्टा उन्हातही पुरता जात नाही. थंडीत रात्रभर जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार होते, वर तुलनेनं उबदार थर झाकणासारखा बसतो, आणि शहरानं रात्रभर सोडलेलं सगळं त्या झाकणाखाली कोंडलं जातं. आपण गडावरून बघतो तो त्या झाकणाखालचा धूर असतो.

या गडाचा हवेच्या विज्ञानाशी एक धागा आहे, जो गड चढणाऱ्या फारच थोड्यांना ठाऊक असेल. तान्हाजींच्या समाधीपाशी हात जोडून पुढे जाणाऱ्या आपल्या मराठी माणसाला तो कळावा, असं मला मनापासून वाटतं. कारण आज मुंबई-पुण्याच्या हवेवरून जो वाद चालतो, त्यातल्या एका मूळ प्रश्नाचं उत्तर या डोंगरमाथ्यावर गोळा केलेल्या काजळीतून मिळालं होतं.

१९९९ साली हिंदी महासागरावर ‘इंडोएक्स’ नावाची मोठी मोहीम झाली. भारतातून अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ व्ही. रामनाथन त्यात आघाडीवर होते. विमानं, जहाजं, उपग्रह लावून पाहिलं तर हिवाळ्यात भर समुद्रावर, मालदीवपर्यंत, धुराचा तपकिरी थर पसरलेला. तिथे ना कारखाना ना रस्ता. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो त्या महिन्यांत उपखंडाचा धूर हजार-हजार किलोमीटर जातो, हे लख्ख झालं. प्रश्न उरला तो हा, की हा धूर नेमका कशाचा? गाड्या आणि कोळशाचा, की चुली, शेकोट्या आणि पाचटाचा?

यावर शास्त्रज्ञांत दोन तट होते. पवईच्या आयआयटीतल्या प्राध्यापक चंद्रा वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. आपल्याकडे स्वयंपाकाला जे जाळलं जातं, म्हणजे लाकूड, गोवऱ्या, पिकांची धसकटं, ते खरोखर जाळून त्यांनी दर किलोमागे किती काजळी निघते ते मोजलं. तोवरचे बरेचसे हिशेब बाहेरच्या देशांतल्या आकड्यांवर चालत. २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष आला: भारतात काळ्या कार्बनचा, साध्या शब्दांत काजळीचा, सर्वांत मोठा स्रोत घराघरातलं हे सरपण आहे. मला या कामाचं मोल फार वाटतं. चुलीपुढे बसून फुंकणीनं निखारा फुलवणाऱ्या बाईच्या डोळ्यांतलं पाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या बघत आलो. ते ग्रॅममध्ये मोजायला कुणी बसलं नव्हतं.

तरी वाद मिटला नाही. हवेत सापडणाऱ्या कणांचं रासायनिक विश्लेषण काही जणांना डिझेल आणि कोळशाकडे बोट दाखवताना दिसे. तेव्हा स्टॉकहोम विद्यापीठातले ओर्यान गुस्टाफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरातत्त्ववाल्यांचं हत्यार उचललं. जमिनीखालच्या वस्तीतलं जळकं धान्य किती जुनं हे ज्या कार्बन-१४ वरून काढतात, तेच. झाड जिवंत असताना हवेतला कार्बन घेतं, त्यात कार्बन-१४ चा अंश असतो. झाड मेलं की तो घटत जातो, दर ५७३० वर्षांनी निम्मा. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं गाडलेले, त्यांच्यात तो शून्य. म्हणजे काजळीत कार्बन-१४ जेवढा, तेवढा भाग ताज्या सरपणाचा, शेणाचा, पाल्याचा. उरलेला खाणीतला आणि पेट्रोलपंपावरचा. काजळी आपला बाप लपवू शकत नाही. त्यांनी हिवाळी वाऱ्यांच्या दिवसांत दोन ठिकाणी हवा गाळली. एक मालदीवमधलं हनिमाधू बेट, आणि दुसरा आपला सिंहगड. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतला शास्त्रज्ञ त्या चमूत होता. २००९ साली उत्तर छापून आलं. हवेतल्या कार्बनयुक्त कणांपैकी सुमारे दोन तृतीयांश भाग जैविक इंधनाचा. नुसती काजळी घेतली तर मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत. बाकीचा कोळसा, डिझेल, पेट्रोल. दोन्ही आवरायला हवेत, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

दोन्ही तटांचं थोडं थोडं खरं ठरलं, आणि एक गोष्ट निर्विवाद राहिली. लाकूड असो, शेण असो, डिझेल असो की दगडी कोळसा, ही काजळी काहीतरी जाळल्यानं आलेली आहे. रस्त्यावरून उडालेली ती नव्हे.

आता खाली शहरात येऊ. गेली काही वर्षं हिवाळा लागला की मुंबईच्या रस्त्यांवर पाण्याच्या तोफा दिसू लागतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा फारच बिघडली, मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, आणि महापालिकेनं बांधकामांसाठी नियमावली काढली: मोठ्या भूखंडांभोवती ३५ फूट उंच पत्रे, हिरवी कापडं, पाण्याचे फवारे, गाड्यांची चाकं धुणं. हे नियम चुकीचे नाहीत. उलट ते नीट पाळले जावेत. बांधकामाच्या धुळीत सिलिका असते आणि ती सगळ्यांत आधी तिथल्या मजुराच्या छातीत जाते. माझी तक्रार वेगळी आहे. धूळ मारली म्हणजे हवा साफ झाली, हा समज आपण शहराच्या धोरणात रुजू दिला आहे.

कणांचा आकार समजून घेतला की हा समज टिकत नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा कण तासाभरात दहा मीटर खाली येतो. एक मायक्रॉनचा कण त्याच तासाभरात वीतभरही उतरत नाही. त्याहून दहापट लहान, म्हणजे काजळीच्या मापाचा कण, काही मिलिमीटर उतरतो आणि तेवढ्यात वाऱ्याची झुळूक त्याला पुन्हा वर नेते. असे कण आठवडाभर हवेत राहू शकतात. मालदीवला पोचतात ते हेच. पाण्याचा फवारा यांच्यावर का चालत नाही तेही पाहण्यासारखं आहे. खाली येणारा थेंब स्वतःसमोरची हवा बाजूला सारतो. धुळीचा जड कण त्या हवेबरोबर वळू शकत नाही, थेंबावर आपटतो आणि ओला होऊन पडतो. हलका कण हवेबरोबर वळसा घालून निघून जातो. अगदीच बारीक कण इकडेतिकडे भिरभिरत चुकून थेंबाला चिकटतात. पण दशांश मायक्रॉन ते एक मायक्रॉन हा मधला गट दोन्हींतून निसटतो. आणि फुफ्फुसाच्या खोल कप्प्यांपर्यंत जाणाऱ्या कणांत हाच गट मोठा. म्हणजे तोफ ज्याला पाडते ते बरंचसं आपल्या नाकातच अडकलं असतं, आणि जे रक्तापर्यंत पोचतं ते तोफेच्या हाती लागत नाही.

मग पैसा कुठे जातो? राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. देशातली सुमारे १३० शहरं त्यात घेतली गेली आणि महाराष्ट्राचा वाटा सगळ्यांत मोठा: मुंबई, पुणे, नागपूरपासून जालना, लातूर, सांगलीपर्यंत १९ शहरं. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं २०२४ मध्ये या कार्यक्रमाचा हिशेब मांडला. खर्चाचे ६४ टक्के रस्त्यांच्या धुळीवर, उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्काही नाही. कारण सरळ आहे. शहराची प्रगती मोजताना पीएम १० कडे पाहिलं जातं, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचा सगळा माल एकाच तराजूत. त्यात वजन जाड धुळीचं जास्त. महापालिकेला आकडा खाली आणायचा आहे, रस्ता झाडणारी यंत्रं घेतली की तो थोडा खाली येतो, पैसा मिळतो. अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. ज्याचे गुण मिळणार तोच अभ्यास मुलं करतात. दोष प्रश्नपत्रिकेचा आहे.

त्यात आपलं मोजमापही आपल्याला गाफील ठेवतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांची, वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपलं २००९ चं मानक ४० आहे, आठपट. चोवीस तासांसाठी त्यांचे १५, आपले ६०. आणि ६० पर्यंत आपला हवा गुणवत्ता निर्देशांक हवा ‘समाधानकारक’ म्हणतो. मोबाइलवर हिरवा रंग बघून आई मुलाला मैदानावर पाठवते. तो रंग कुणाचं समाधान करतो, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

पण सगळ्यांत मोठी गफलत आहे ती चिमणीतून निघताना दिसतही नाही अशा गोष्टीची. सूक्ष्म कणांचा मोठा हिस्सा कण म्हणून बाहेर पडतच नाही. तो वायू म्हणून निघतो आणि वाटेत हवेतच कण होतो. कोळसा जळला की त्यातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. हवेत त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं, शेतातून आणि गटारांतून आलेला अमोनिया त्याला भेटतो आणि अमोनियम सल्फेटचा पांढुरका सूक्ष्म कण तयार होतो. गाड्यांच्या नायट्रोजन ऑक्साइडचंही असंच नायट्रेट होतं. याला तास लागतात, कधी दिवस. तोवर वारा तो माल दुसऱ्या जिल्ह्यात पोचवून येतो.

हे ध्यानात घेऊन केंद्र सरकारनं ७ डिसेंबर २०१५ रोजी कोळशाच्या वीज केंद्रांना नियम घातले. धुराड्यातला गंधकाचा वायू चुनखडीनं धुऊन घेणारी यंत्रणा बसवा, मुदत दोन वर्षं. मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये चारपैकी तीनहून अधिक केंद्रांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. ज्यांच्यावर सक्ती राहिली ती दिल्ली परिसरातली किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतली. त्यांना २०२७ च्या अखेरीपर्यंत वेळ. प्रदूषित ठरलेल्या भागांजवळच्या केंद्रांचा विचार एकेक करून होणार.

सरकारची बाजू मी वाचली आहे आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. आपल्या कोळशात गंधक कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. शहरांत मोजला तर सल्फर डायऑक्साइड मर्यादेत सापडतो. यंत्रणा महाग, ती चालवायला वीज लागते, चुनखडी खणावी लागते, वीज महागते. पण गंधक कमी असलं तरी कोळसा आपण इतका जाळतो की जगात हा वायू सर्वाधिक सोडणाऱ्या देशांत भारत आघाडीवर आहे. आणि वायू मर्यादेत सापडतो याचं एक कारण हेच की तोवर त्यातल्या बऱ्याचशाचा कण झालेला असतो. दूध कुठे गेलं म्हणून विचारावं आणि पातेल्यात दूध नाही, दही आहे, सबब दूध आलंच नव्हतं असं उत्तर मिळावं, तसं हे आहे. दर वाढेल ही काळजी खरी असेल तर दवाखान्याचं बिल त्याच कागदावर मांडा आणि मग लोकांना विचारा.

त्या १० किलोमीटरच्या वर्तुळाचं तर मला नवलच वाटतं. ज्या देशाच्या धुराची काजळी मालदीवमध्ये मोजली गेली, ज्या देशातल्या संस्थेचे लोक त्या संशोधनात होते, तो देश नकाशावर शहराभोवती कंपास फिरवून ठरवतो की याच्या बाहेरचा धूर शहराचा नाही. विदर्भात कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही केंद्रं पिढ्यान्‌पिढ्या राज्याला वीज देतात. तिथल्या लोकांच्या श्वासाचा हिशेब वर्तुळात बसतो की बाहेर पडतो यावर व्हावा, हे कोणत्या विज्ञानात बसतं?

आता याच्या शेजारी दुसरं एक पान ठेवतो. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं मुंबईतल्या लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम इंधनाकडे वळायला सांगितलं. भट्टीचा धूर गल्लीत, माणसांच्या उंचीवर निघतो. तो बंद व्हायला हवा, यात मला शंका नाही. सिंहगडावरची काजळीही हेच सांगते. पण पाववाल्याला सहा महिने, आणि औष्णिक केंद्राला दहा वर्षं देऊन वर माफी? पावाच्या भट्टीवाल्याकडे भांडवल किती, वाटाघाटीची ताकद किती? शिस्त लहानापासून सुरू व्हायला हरकत नाही, पण ती मोठ्यापाशी कधीच पोचणार नसेल तर लहानाला ती शिक्षा वाटते, आणि बरोबरच वाटते.

जैविक धुराचा मुद्दा मांडताना मला म्हणूनच भीती वाटते. दोन तृतीयांश हा आकडा उद्या कुणी झोपडीतल्या चुलीकडे, पाला जाळणाऱ्या झाडूवाल्याकडे, रात्रपाळीच्या रखवालदाराच्या शेकोटीकडे दंडाची पावती घेऊन धावायला वापरेल. वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर केलेल्या कामातून हा प्रश्न माणसांच्या संख्येत समोर आला. २०१८ च्या एका अहवालात, आयआयटी मुंबईच्या सहभागानं, अंदाज मांडला गेला की २०१५ साली देशात बाहेरच्या हवेतल्या पीएम २.५ मुळे सुमारे ११ लाख मृत्यू झाले आणि त्यांतल्या जवळपास पाव हिश्शामागे घरगुती सरपणाचा धूर होता. कोळशामागे सुमारे १ लाख ६९ हजार. लक्षात घ्या, हा बाहेरच्या हवेचा हिशेब आहे. स्वयंपाकघरात धुराला तोंड देऊन बसलेल्या बाईचं नुकसान त्याच्या वर वेगळं. जिच्यावर आपण बोट रोखणार, ती या धुराची पहिली बळी आहे. तिच्याकडून दंड घ्यायचा नाही, तिला गॅस द्यायचा आहे, आणि पहिलं कनेक्शन देऊन थांबायचं नाही. उज्ज्वला योजनेनं २०१६ पासून दहा कोटींहून अधिक घरांत शेगडी पोचवली, हे मोठं काम झालं. पण दुसरा, तिसरा, दहावा सिलेंडर परवडला तरच चूल थंड होते. दिल्लीत प्रदूषण वाढलं की सोसायट्यांना रखवालदारांना विजेचे हीटर द्यायला सांगतात. आपल्याकडच्या सोसायट्यांनी आदेशाची वाट का बघावी?

आणि आपण जे चुलीचं कौतुक मांडलं आहे, त्याबद्दलही बोलायला हवं. महामार्गावर दर दोन मैलांवर पाटी असते: चुलीवरची मिसळ, चुलीवरचं मटण. ज्यांच्या आयांनी गॅस आल्यावर देवाला नारळ फोडला, ती मुलं आज धुराची चव शोधत गाडी थांबवतात. आत रांगेनं चुली, आणि त्यांच्यापुढे दिवसभर बसलेल्या बायका. ती चव त्यांच्या फुफ्फुसांतून येते असं मला वाटतं, आणि ते घशाखाली उतरत नाही.

मला राज्याकडून जे हवं ते फार अवघड नाही. रोज नुसता निर्देशांक नको. कण कशाचे आहेत तेही सांगा. किती काजळी, किती सल्फेट, किती नायट्रेट, किती माती. ही मोजणी करणारी माणसं पुण्यात, पवईत, नागपुरात आहेत. त्यांचं उत्तर प्रबंधात पडून राहण्याऐवजी वॉर्डाच्या बैठकीत यावं. शहरांचे गुण पीएम २.५ वर ठरवा. मुंबई, ठाणे, कल्याण, पनवेल, वसई यांची हवा एक आहे, तर आराखडाही एक असू द्या. कचऱ्याच्या डोंगरांना आग लागते तेव्हा, जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागली तशी, ती आठवडाभराची बातमी न राहता त्या वर्षाच्या हवेच्या हिशेबात मांडा. आणि वीज केंद्रांची सूट मागे घ्या. आज परवडत नसेल तर टप्पे पाडा, पण कंपासाचं वर्तुळ पुसा.

मागच्या डिसेंबरात गडावर पिठलं-भाकरी खायला बसलो होतो. मावशी चुलीत काटक्या सारत होत्या, डोळे पदराला पुसत होत्या. गॅस का घेत नाही, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, “घरी हाय की गॅस. पण धंद्याला घरचा चालत न्हाई, मोठा निळा लागतो, त्यो महाग. त्यो वर आणायला गाडी लागती, तिचं भाडं येगळं. काटक्या काय, वाटेवर मिळत्यात.” मग भाकरी परतत त्यांनी पुण्याच्या दिशेनं हात केला आणि विचारलं, “त्यो धूर आमचा का त्यांचा?”

मी त्यांना दोन तृतीयांशाचं सांगितलं. उरलेल्या एक तृतीयांशाचंही सांगितलं.

“मंग त्यांला बी सांगा,” त्या म्हणाल्या, आणि पुढची भाकरी थापायला घेतली.